मेच्या अखेरीस कर्नाळा : नवरंग आला, तिबोटी येतोय

पक्षी बघायला जायचं तर हिवाळ्यात, असं आपल्याकडे जवळजवळ ठरूनच गेलं आहे. डिसेंबर-जानेवारीत भिगवणला रोहित पाहायला गर्दी, नांदूर मध्यमेश्वरला बदकं पाहायला गर्दी. मार्च संपला की दुर्बीण कपाटात जाते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन महाबळेश्वर नाहीतर मामाचं गाव. मे महिन्यात, तेही कोकणातल्या दमट घामट्यात, कोण जंगलात फिरणार?

पण मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले काही दिवस हा कोकणातल्या पक्ष्यांचा खरा धामधुमीचा काळ आहे. हिवाळ्यात येणारे पाहुणे थंडी टाळायला येतात, खातात-पितात आणि निघून जातात. पावसाच्या तोंडावर येणारे पक्षी मात्र इथे संसार थाटायला येतात. म्हणून ते गातात, भांडतात, जागा धरून बसतात. त्यातले दोघे असे आहेत की ज्यांच्यासाठी लोक देशभरातून येतात. एक नवरंग आणि दुसरा तिबोटी खंड्या. दोघांनाही भेटायचं असेल तर मुंबईपासून साधारण ६० किलोमीटरवर कर्नाळा आहे.

पनवेलहून पेण-अलिबागच्या दिशेने निघालं की बारा-तेरा किलोमीटरवर कर्नाळा लागतं. त्याआधी वाटेत शिरढोण येतं, क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. हा किल्ला लांबूनच ओळखू येतो, कारण त्याच्या माथ्यावर अंगठा वर करावा तसा एक काळा सुळका उभा आहे. पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांमध्ये कर्नाळाही होता. सुळक्याला मधमाश्यांची मोठी पोळी असतात, त्यामुळे तिथे आरडाओरडा, परफ्यूम, धूर यातलं काहीच नको. आणि खरं सांगायचं तर मे महिन्यात किल्ला चढूच नका. पक्षी बघायला आलो आहोत, घामाने अंघोळ करायला नाही.

किल्ल्याच्या पायथ्याचं जंगल १९६८ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होतं, पुढे वाढवून १२ चौरस किलोमीटरच्या थोडं वर गेलं. इतक्याशा जागेत दीडशेच्या आसपास जातींचे पक्षी वर्षभर राहतात आणि हिवाळी पाहुणे वेगळे. मलबार ट्रोगनसारखा दाट जंगलातला पक्षीसुद्धा इथे दिसल्याची नोंद आहे. मुंबई-गोवा महामार्ग मात्र या जंगलाच्या मधूनच जातो. पहिल्यांदा येणाऱ्याला हे पटतच नाही. एका कानात ट्रकचा हॉर्न आणि दुसऱ्या कानात शामाचं गाणं, अशी कर्नाळ्याची सकाळ असते.

आधी कान, मग डोळे

हिवाळ्यात पानगळ झालेल्या झाडांवर पक्षी सहज दिसतात. मे अखेरीस मात्र करंज, जांभूळ, आंबा सगळे हिरवेगार असतात, त्यामुळे दिसण्यापेक्षा ऐकू येण्यावर भर द्यावा लागतो. सुरुवातीला याचा फार कंटाळा येतो. नंतर मजा येते. माझ्या मते पक्षी ओळखायला शिकायचं असेल तर मेसारखा महिना नाही, कारण सगळेजण आपापलं नाव सांगत असतात.

प्रवेशद्वारातून आत गेलं की दोन पायवाटा आहेत, हरियाल आणि मोरटाका. हरियाल म्हणजे हिरवा कबुतरासारखा पक्षी, महाराष्ट्राचा राज्यपक्षी. तो जमिनीवर पाय ठेवत नाही, असं म्हणतात. जंगलात एखादं उंबर किंवा वड फळांनी लगडलेला सापडला तर पुढे चालायची गरज नाही. खालीच बसून राहायचं. हरियाल येतात, तांबट येतो, कोकीळ येते आणि कुटुर्गा तर दिवसभर ‘कुटर्र-कुटर्र’ करून डोकं उठवतो.

या सगळ्यांवर आवाज चढवतो तो पावशा. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं तो शेतकऱ्याला सांगतो, ही आपल्याकडची समजूत. इंग्रजांनी याच पक्ष्याला ‘ब्रेनफीव्हर’ म्हटलं, कारण सूर चढवत चढवत तो रात्रीसुद्धा थांबत नाही आणि ऐकणाऱ्याला ताप आल्यासारखं होतं. आवाज एकच. वाट बघणाऱ्याला त्यात पाऊस ऐकू आला आणि उकाड्याने झोप उडालेल्या साहेबाला आजार.

ओढ्याच्या बाजूला गेलं तर पहाटे पहाटे कोणीतरी शीळ घालत चाललंय असं वाटतं. सूर धड लागत नाही, गाणं मध्येच विसरल्यासारखं होतं, परत सुरू होतं. हा शीळकरी कस्तुर. त्याला ‘व्हिसलिंग स्कूलबॉय’ असं टोपणनाव आहे आणि ते अगदी चपखल आहे. भृंगराज त्याहून वस्ताद. शेपटीच्या दोन लांब तारा मिरवत फिरणारा हा काळा पक्षी इतरांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की नवखा माणूस तीन-चार पक्षी वहीत लिहून मोकळा होतो आणि निघतो एकटा भृंगराज.

मुलं बरोबर असतील तर फोनवर मर्लिन हे कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मोफत अॅप घरूनच डाउनलोड करून न्या. भारतातल्या पक्ष्यांचा पॅकही आधीच घ्या, जंगलात नेटवर्कचा भरवसा नसतो. आवाज ऐकून ते पक्ष्याचं नाव सुचवतं. कधीकधी चुकतं, पण मुलांना त्याचा उत्साह फार. एक मात्र पक्कं लक्षात ठेवायचं, फोनने ऐकायचं. फोनवरून वाजवायचं नाही. ते का, हे नवरंगाकडे आलो की कळेल.

सहाची घंटा

नवरंग साधारण साळुंकीपेक्षा थोडा लहान, शेपूट जवळजवळ नाहीच. हिरवी पाठ, खांद्यावर चमकता निळा ठिपका, डोळ्यावरून जाडसर काळी पट्टी, पांढरा गळा, बदामी पोट आणि शेपटीखाली गुलाबी-लाल रंग. रंगपेटी सांडल्यासारखा पक्षी, पण राहतो जंगलातल्या सावलीत, जमिनीवर, पाचोळा उलटापालटा करत. किडे आणि गांडुळं शोधत दोन उड्या, मग थांबणं, मग दोन उड्या. थांबला की दिसेनासा होतो.

हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकतो. कोकणात, मध्य प्रदेशात, गुजरातमध्ये गीरच्या जंगलात, पार हिमालयाच्या पायथ्यापर्यंत तो वीण करायला जातो. म्हणजे चेन्नईतल्या मराठी माणसाला तो थंडीत भेटतो आणि इंदूर-भोपाळकडच्या माणसाला पावसाळ्यात. तमिळमध्ये त्याला ‘आरु मणि कुरुवी’ म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी. पहाटे साधारण सहाला आणि संध्याकाळी पुन्हा सहाच्या सुमारास तो दोन सुरांची ठसठशीत शीळ घालतो, ‘व्हीट्-टियू’. एका पक्ष्याने सुरू केलं की दुसरा उत्तर देतो, मग तिसरा. काही मिनिटं सगळं जंगल घड्याळासारखं टोले देतं आणि मग एकदम गप्प.

गेल्या मे महिन्यात मी जिथे ही शीळ ऐकली तिथे आमच्याआधी चौघांचा एक गट येऊन बसला होता. मोठमोठ्या लेन्स, अंगावर झाडपाल्याच्या रंगाचे कपडे. त्यांच्यापैकी एकाने खिशातून छोटा स्पीकर काढला आणि नवरंगाचा रेकॉर्ड केलेला आवाज सुरू केला. दोन मिनिटांत खरा नवरंग फांदीवर आला. मान ताठ करून, छाती काढून ओरडायला लागला. कॅमेरे कडकड वाजले.

आमच्यासोबत शेजारच्या वाडीतला एक तरुण वाटाड्या होता. तो शांतपणे पुढे गेला आणि म्हणाला, “दादा, ते बंद करा. तो तुम्हाला दर्शन द्यायला नाही आलेला. भांडायला आलाय.”

“पाच मिनिटं फक्त रे,” त्यातले एकजण म्हणाले.

“तुमची पाच मिनिटं. तुमच्यामागे अजून दहा जण येणार. त्याने खायचं कधी नि घर बांधायचं कधी?”

स्पीकर बंद झाला. वाद वाढला नाही, पण चेहरे उतरले. त्या वाटाड्याने जे सांगितलं ते अगदी सोपं आहे. नर नवरंग आपला इलाखा धरतो. दुसऱ्या नराचा आवाज आला म्हणजे कोणीतरी घुसलं. तो चारा शोधायचं सोडून पिटाळायला धावतो. घुसखोर दिसत नाही, आवाज तर थांबत नाही, मग तो दमेपर्यंत ओरडत राहतो. शेकडो किलोमीटरचा प्रवास करून नुकत्याच पोहोचलेल्या पक्ष्याची ही ताकद घरट्यासाठी असते. आपण ती फोटोसाठी खर्च करतो.

आम्ही थोडं पुढे जाऊन एका दगडावर बसलो. पाऊण तास काहीच नाही. डास चावत होते. मग समोरच्या करवंदीच्या जाळीखाली पाचोळा हलला आणि तो आला. पान उचललं, बाजूला टाकलं, अळी घेतली, दोन उड्या मारल्या, शेपटीचा ठोंबा खालीवर केला आणि जाळीत शिरला. सगळं मिळून मिनिटभरसुद्धा नसेल. फोटो नाही मिळाला. वाटाड्या म्हणाला, “बघा, आता तो कामावर होता.”

दोन नाण्यांएवढा पक्षी

तिबोटी खंड्याचं काम याच्याहून अवघड. नेहमीच्या खंड्याला चार बोटं, याला तीनच, म्हणून तिबोटी. लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर, म्हणजे चिमणीपेक्षाही छोटा. वजन साधारण १५ ग्रॅम. दहा रुपयांची दोन नाणी तळहातावर ठेवा, तितकंच. पण रंग असे की एकदा पाहिला की विसरता येत नाही. पोट आंब्याच्या रसासारखं पिवळं-केशरी, पंख गडद निळे, डोक्यावर आणि पाठीवर जांभळी झाक, चोच आणि पाय पोवळ्यासारखे लाल. हा रायगडचा जिल्हापक्षी आहे.

मे संपता संपता हा दक्षिणेकडून कोकणात येतो आणि पाऊस सुरू झाला की कामाला लागतो. त्याला घरटं झाडावर नको असतं. ओढ्याकाठची दरड, पायवाटेकडेचा मातीचा कड, कधी रस्ता काढताना कापलेली उभी माती, अशा ठिकाणी नर-मादी मिळून आडवं बीळ खणतात. ते हातभर लांब असतं, कधी त्याहूनही जास्त. माती कोरडी आणि कडक असेपर्यंत हे शक्य नसतं, म्हणून पहिल्या चांगल्या सरी लागतात. पुढे पिल्लांना भरवायलाही पावसाळाच हवा. सापसुरळ्या, लहान बेडूक, पाली, कोळी, ओढ्यातले छोटे खेकडे, सगळं तेव्हाच मुबलक असतं. खंड्या म्हटलं की मासा, हे समीकरण तिबोटीने पार मोडून टाकलं आहे. आपल्या निम्म्या लांबीची सापसुरळी चोचीत धरून, फांदीवर आपटून मऊ करून तो बिळाकडे नेतो.

आणि इथेच अडचण सुरू होते. बीळ जमिनीपासून फार उंच नसतं. आई-बाप ठरलेल्या फांदीवर बसतात, ठरलेल्या वाटेने आत जातात, दिवसातून अनेकदा. फोटो काढणाऱ्याला याहून सोयीचं काय? गेल्या काही वर्षांत तिबोटीच्या बिळांसमोर कॅमेऱ्यांच्या रांगा लागायला लागल्या. समोरची पानं आड येतात म्हणून फांद्या छाटल्या जातात. पक्षी छान पार्श्वभूमीवर बसावा म्हणून भलतीकडे काठी रोवली जाते. अंधार म्हणून फ्लॅश मारला जातो. माणसं समोर उभी असली की चोचीत खाऊ घेतलेला पक्षी आत शिरत नाही, लांब बसून राहतो. बिळात चार-पाच पिल्लं वाट बघत असतात. छाटलेल्या पाल्यामुळे बिळाचं तोंड उघडं पडतं आणि आपण गेल्यावर घोरपड किंवा साप तिथे पोहोचतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं हेसुद्धा येतं. बंदूक हातात असायलाच हवी असं नाही. मला वाटतं, हे वाक्य अभयारण्याच्या दारावर मोठ्या अक्षरात लावायला हरकत नाही.

घरटं बघणं म्हणजेच गुन्हा, असं मात्र मी म्हणणार नाही. याच रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या किहीमला, सलीम अलींनी १९३० मध्ये सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. तासन्‌तास बसून त्यांनी पाहिलं की नर आधी अर्धं घरटं विणतो, मादी ते पारखते, पसंत पडलं तर राहते आणि मग नर दुसरं घर बांधायला घेतो. जगभरात त्या कामाची दखल घेतली गेली. फरक इतकाच की तिथे माणूस पक्ष्याच्या वेळापत्रकाप्रमाणे बसला होता.

आमच्या वाटाड्याने आम्हाला ओढा दाखवला. पाणी जवळजवळ आटलेलं, दगडांच्या मधे डबकी. “मागच्या वर्षी इकडेच कुठेतरी होतं घर,” तो म्हणाला. कुठे ते त्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तासाभराने बारीक, अणकुचीदार ‘त्सीक’ असा आवाज आला आणि डबक्यावरून गुडघ्याएवढ्या उंचीने एक निळी-केशरी रेघ निघून गेली. बरोबरच्या माझ्या आत्तेबहिणीने, वय वर्षे अकरा, विचारलं, “हाच होता का?” वाटाड्या म्हणाला, “हाच. आत्ताच आलेला दिसतोय.” तिने वहीत तारीख आणि वेळ लिहिली. पक्ष्याच्या रकान्यात ‘तिबोटी खंड्या, अर्धा सेकंद’.

जायचं असेल तर

सकाळी लवकर पोहोचा, नऊनंतर पक्षी आणि माणसं दोघंही थकतात. प्रवेशाची वेळ आणि फी आधी विचारून घ्या. दारात पिशव्यांमधलं प्लॅस्टिक तपासतात, तेव्हा डबा स्टीलचा न्या. कपडे फिकट हिरवे किंवा मातकट, पूर्ण बाह्यांचे. पाणी माणशी दोन लिटर तरी. सात-आठ वर्षांच्या मुलांना हरियालची वाट जमते, फक्त त्यांच्याकडून तास-तासभर गप्प बसण्याची अपेक्षा धरू नका. बाहेर रस्त्यालगत वाडीतल्या बायका करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात, ती नक्की घ्या. स्थानिक वाटाड्या मिळाला तर घ्याच. पुस्तकात नसलेलं बरंच काही त्याला ठाऊक असतं.

कर्नाळ्याला जाता आलं नाही तरी मे अखेर ते जून मध्य या दिवसांत एक गोष्ट तुमच्या घरातही घडू शकते. नवरंग आणि तिबोटी दोघंही रात्री प्रवास करतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबईवरून जाताना दिव्यांनी गोंधळतात, काचेच्या इमारतींवर आपटतात. मग सकाळी कोणाच्या तरी गॅलरीत, जिन्यात, पार्किंगमध्ये एक रंगीत, मलूल पक्षी बसलेला सापडतो. दरवर्षी सापडतो. पुष्कळदा लोक त्याला कोणीतरी पाळलेला परदेशी पक्षी समजून पिंजऱ्यात घालतात, भात खाऊ घालतात. दोघांनाही भात चालत नाही.

असा पक्षी दिसला तर आधी मांजर आणि कावळे दूर ठेवा. मऊ कापडाने अलगद उचलून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, झाकण लावा आणि खोकं शांत, अंधाऱ्या, पंख्याचा झोत येणार नाही अशा जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जाऊ शकतं. दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. शेजाऱ्यांना दाखवायचा मोह आवरा. मग वनविभागाला कळवा. महाराष्ट्रात त्यासाठी १९२६ हा हेल्पलाइन क्रमांक आहे, इतर राज्यांत तिथल्या वनविभागाचं कार्यालय किंवा पक्ष्यांची सुटका करणारी स्थानिक संस्था. पंख मोडला असेल तर त्यांच्याकडे उपचार होतात. नुसतीच धडक बसून भोवळ आली असेल तर तासा-दोन तासांत खोक्यातून खुडबुड ऐकू यायला लागते. पक्षी शुद्धीवर आल्याची ती खूण आहे.